न कापलेल्या आंब्याची हमी

हापूसचा एक दोष फळ कापल्याशिवाय कळत नाही. साल केशरी, घरभर घमघमाट, फळ हाताला अगदी बेताचं मऊ. आणि सुरी फिरवली की कोयीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर. कोकणात याला साका म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या साका न होणाऱ्या जाती काढून कित्येक वर्षं झाली, पण गिऱ्हाईक मागतं ते हापूसच.

माझी भाची देवगडजवळची घरची कलमं सांभाळते. आंबा वाशीला न पाठवता ती स्वतःच्या वेबसाइटवरून आणि व्हॉट्सअॅपवरून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवते. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने तिच्या पानावर एक तारा देऊन लिहिलं होतं, ‘दोन आंबे आतून खराब. शुद्ध फसवणूक.’ सोबत कापलेल्या फळाचा फोटो. पान तिचंच, त्यामुळे तो अभिप्राय एका बटणाने नाहीसा करणं तिच्या हातात होतं. त्यावरून आमचं बोलणं निघालं.

ती : मामा, आंबे खराब निघाले हे खरं. बदली आंबे मी त्याच दिवशी पाठवले. फसवणूक केली हे मात्र साफ खोटं. दोन्ही एकाच ओळीत आहेत. ठेवू की काढू?

मी : जे खरं आहे ते काढायचा तुला अधिकार नाही, आणि ते काढल्याशिवाय खोटं काढता येत नाही. तेव्हा ठेव.

ती : वाचणारा एवढं निवडत बसत नाही. तो एक तारा बघतो आणि पुढे जातो. जातो कुठे, तर आपल्याच वाडीतल्या दुसऱ्याच्या पानावर. तिथे लिहिलंय, ‘शंभर टक्के साकामुक्त, लेखी हमी’. खाली सगळे पाच तारे.

मी : विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून आपल्याच मालाची तारीफ लिहायची नाही, असं 2020च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. अभिप्राय कसे गोळा करावेत, कसे छापावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही काढलं.

ती : ते मानक आणलं तेव्हा ऐच्छिक म्हणून आणलं. आणि ते तारे त्याने स्वतः दिलेत असं मी म्हणतच नाही. कदाचित वाईट अभिप्राय तो नुसता काढून टाकत असेल. म्हणजे तुम्ही मला जे करू नको म्हणताय तेच.

मी : आंबा कुठला, याबद्दल तरी आता शंका उरत नाही ना?

ती : नाही. 2018 मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक फळावर कोडचा स्टिकर आणला. ज्याची जितकी कलमं त्या हिशेबाने त्याला कोड. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. मग मागच्या बाजूचा आकडा विचारतात, तो स्टिकर सोलल्याशिवाय दिसत नाही. पण स्टिकर सांगतो आंबा कुठला. आत काय आहे ते नाही सांगत.

मी : आणि आतल्यासाठी काय करता येतं?

ती : आंबा चौदा आणे तयार झाला की काढायचा, झाडावर पिकायची वाट बघायची नाही. झेल्याने, देठासकट. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडू द्यायचं नाही, लगेच सावलीत आणायचं. कारण धग लागली की साका वाढतो. मग अढी, मग एकेक फळ हाताने निवडणं. एवढं करूनही निघतो तो निघतोच. क्ष-किरणाने आतलं दिसतं म्हणतात, पण ते यंत्र माझ्या पडवीत नाही. कारखान्यात हजार बल्बांतले दहा तपासले तर बाकीच्यांबद्दल काही बोलता येतं. इथे एका कलमाचे, एका दिवशी काढलेले दोन आंबे, एक अमृत आणि एक साक्याचा.

ती हे सांगत होती तेव्हा तिचे हात अढीतली फळं परतत होते, वरचा पेंढा बाजूला करून, देठ दुखवणार नाही अशा बेताने. इतकं निगुतीने काम करणाऱ्या माणसाच्या नावापुढे ‘फसवणूक’ हा शब्द बघून मलाही चीड आली. तरी माझं मत हललं नाही.

मी : पूर्वी वाशीला दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे, आणि पेटी शेवटी कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे पोचायची. आंबा खराब निघाला तर आपण तो तसाच हातात घेऊन त्याच्याकडे जायचो. तो बघायचा आणि दुसरा द्यायचा. आता तो कोपरा नाही. ते तारे हा त्याच्याकडे परत जायचा रस्ता आहे. तो तू बंद करू नयेस.

ती : फळवाल्याशी झालेलं बोलणं रस्त्यावरचे चारच लोक ऐकायचे. हे अख्खं जग वाचतं, आणि पुढच्या हंगामातही वाचेल.

हा फरक खराच मोठा आहे. तक्रार कायमची टांगलेली राहते आणि तिचं निवारण कुणाला दिसत नाही. मग मी तिला जॉर्ज अॅकरलॉफबद्दल सांगितलं. 1970 मध्ये त्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. घेणाऱ्याला आतलं कळत नसलं की तो सगळ्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल आणणाऱ्याचं भागत नाही, तो बाजारातून उठतो, आणि मागे वाईटच उरतं.

ती : म्हणजे प्रामाणिक राहून मी उठायचं.

मी : अॅकरलॉफनी उपायही सांगितलाय : हमी. पण ती शेजाऱ्याच्या हमीसारखी नाही. ‘साका निघणार नाही’ असं म्हणायचा कुणालाच अधिकार नाही, कारण ते कुणालाच माहीत नाही. ‘साका निघाला तर तोटा माझा’ असं मात्र म्हणता येतं. ते फळाबद्दलचं विधानच नाही. ते तुझ्याबद्दल आहे, आणि ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

ती : तत्त्व तुमचं, पैसे माझे. मागच्या आठवड्यात एकच फोटो दोन वेगळ्या नंबरांवरून आला, दोघांनाही बदली पेटी हवी होती. कापलेल्या फोडीवर स्टिकर नसतो. ‘स्टिकरसकट फोटो पाठवा’ म्हटलं, तर ज्या घरात आजीने साल काढून कधीच टाकून दिली, तिथला भला माणूस म्हणतो, माझ्यावर संशय घेता? आणि नाही म्हटलं, तर लबाडांचा खर्च मी सगळ्यांच्या भावात घालायचा. हमी देणाऱ्याने गिऱ्हाइकावर किती विश्वास ठेवायचा, हे कोण सांगणार?

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपण विश्वासाबद्दल बोलतो तेव्हा विकणाऱ्याचाच खरेपणा तपासतो. घेणाऱ्याचाही तपासावा लागतो हे सहसा कुणी मोकळेपणाने बोलत नाही. थोडा विचार करून म्हटलं,

मी : पहिल्या तक्रारीला पुरावा मागू नकोस. त्याच माणसाची पुन्हा आली तर माग. आणि असं करणार हे ऑर्डर घेतानाच लिहून टाक, म्हणजे कुणाला अपमान वाटणार नाही.

ती : त्यात माझा तोटा होईल, पण किती होईल याचा अंदाज बांधता येईल. हे जमेल.

मी : आणि अभिप्राय?

ती : ठेवते. खाली उत्तर लिहिते : फळ कधी काढलं, साका म्हणजे काय, बदली कधी पाठवली. ‘फसवणूक’ शब्दाला हात लावत नाही. वर एक वाक्य घालते, ‘नीट निवडूनही एखादं फळ साक्याचं निघू शकतं, निघाल्यास बदलून मिळेल.’

मी : किमतीच्या वर घाल. पैसे भरण्याआधी दिसायला हवं.

ती : वर घातलं तर निम्मे लोक तिथूनच परत जातील.

मी : जातील. खाली घातलंस तर ते वाचून कुणी ठरवणार नाही, तुला फक्त लिहिल्याचं समाधान.

ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने फोन काढला आणि वाक्य किमतीच्या वर नेलं.

ती : पण मग त्या शंभर टक्क्यांचं काय? मी खरं लिहायचं आणि शेजारच्या पानावरचं खोटं निमूट बघायचं, हे मी करणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर कळवता येतं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दंडही करू शकतं.

मी : तो आपल्याच वाडीतला आहे. त्याच्या घरी आपलं जाणं-येणं आहे.

ती : म्हणून आधी त्याच्याकडे जाते. न कापलेल्या आंब्याची हमी कशाच्या जोरावर देतोस, ते सांग म्हणते. सांगता आलं तर मीही शिकेन. नाही आलं तर ओळ बदल म्हणेन, माझीच ओळ वापर म्हणेन. तरी नाही ऐकलं तर कळवेन, आणि कळवणार आहे हे त्याला तोंडावर सांगून कळवेन.

मी : मी येतो बरोबर.

ती : या. पण बोलणार मी.