भराव आणि शेजारी

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात घरबांधणीचा एक नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा. तो न बांधल्यामुळे कोणी खाली पडून दगावला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. घर ज्याचे त्याचे, पैसाही त्याचाच. तरी ते कसे बांधावे, हे ठरविताना परक्याच्या जिवाचा विचार होतो. बांधकामाचे नियम म्हणजे सरकारी कटकट, असे मानणाऱ्यांनी हा अध्याय अवश्य वाचावा.

आमच्या वसईत प्रश्न कठड्याचा नसून भरावाचा आहे. पूर्वजांनी वाडीवाडीत बावखले खणली. उन्हाळ्यात त्यांच्यावर केळी-पानवेली जगत, पावसाळ्यात तीच बावखले आभाळाचे पाणी पोटात घेत. सखल शेते, खाजणे व मिठागरे हेही पाणी सामावून घेणारेच. बावखल बुजवले म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या ओटीवर चढते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार परिसर कित्येक दिवस पाण्यात होता, आगगाड्या बंद पडल्या, मिठागरांवरील कुटुंबे अडकून पडली. पाऊस अफाट झाला, हे खरे. परंतु पाण्याच्या वाटा पावसाने अडविल्या नव्हत्या.

प्रभू येशूच्या दृष्टान्तात वाळूवर घर बांधणाऱ्या मूर्खाचे स्वतःचेच घर कोसळते. येथे पाच फूट भराव घालणारा कोरडा राहतो आणि बुडते ते शेजारचे जुने, ठेंगणे घर. म्हणून हा शहाणपणाचा नव्हे, न्यायाचा प्रश्न आहे.

‘जमीन माझी, मी काहीही करीन’ हे उत्तर ख्रिस्तसभेला कधीच मान्य नव्हते. मनुष्याने संपत्ती स्वतःची म्हणून सांभाळावी, पण तिचा उपयोग मात्र सर्वांची समजून करावा, असे संत थॉमस अक्वायनस यांचे मत. खाजगी मालकीचा हक्क निरपवाद नाही, हे पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले.

तथापि, दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. शेती परवडत नाही, मुलीचे लग्न तोंडावर आहे, अशा वेळी सखल जमिनीवर बांधकामबंदी आली, तर सारा भार त्या एकट्या शेतकऱ्यावर पडतो. गाव कोरडे राहते त्याच्या शेतामुळे आणि नुकसान सोसायचे त्याने! हाही अन्यायच. इतर आरक्षणांसाठी जसे मोबदले वा हस्तांतरणीय विकास हक्क दिले जातात, तसे येथेही देता येतील. हातोडा मात्र बहुधा बेकायदा चाळीत खोली घेणाऱ्या गरिबावर पडतो. खोली विकणारा तोवर पुढच्या भरावावर पोहोचलेला असतो.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत नदीकाठासाठी निळी व लाल पूररेषा आहे. निळ्या रेषेच्या आत, काही अपवाद वगळता, बांधकामास मनाई. दोन रेषांमध्ये जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवे. नियम योग्यच, पण उंच जोत्याने बांधणाऱ्याचे घर वाचते, शेजाऱ्याचे काय? शिवाय वाडीतल्या बावखलाभोवती अशी रेषा कोण आखणार? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती मागविल्या जातात. त्या मुदतीत नकाशावर आपले बावखल शोधण्यास धर्मग्रामातून किती जण जातात?