आत्म्याचे गहाणखत

याना तोबोसो यांच्या चित्रकथेवरून २००८ साली निघालेल्या ‘ब्लॅक बटलर’ या जपानी मालिकेत, राणी व्हिक्टोरियाच्या काळातील सिएल नावाचा पोरका बाल-उमराव, आईबापांच्या घाताचा सूड घेता यावा एवढ्यासाठी आपला आत्मा एका पिशाच्चाला लिहून देतो, आणि ते पिशाच्च करारनाम्यातील कलम न् कलम पाळीत, अदबशीर बटलरच्या रूपाने त्याची चाकरी करते. (इतका इमानी नोकर फार थोड्यांना लाभतो, हे कबूल केले पाहिजे.)

सांगली जिल्ह्यातील कुंडलच्या डोंगरावर, झरी पार्श्वनाथाच्या जैन तीर्थाच्या सन्निध मात्र, हा दस्तऐवज मुळातच रद्दबातल ठरतो. कारण जैन दर्शनानुसार जीव ही कोणाची मिळकत नव्हे, आणि ज्याला स्वतःचे कर्मही दुसऱ्याच्या नावे चढविता येत नाही, त्याने आत्म्याचे गहाणखत कोणत्या अधिकाराने करून द्यावे? तीर्थंकर पार्श्वनाथांवर जन्मोजन्मीचा वैरी कमठ प्रलयवृष्टीसह कोसळला, नागराज धरणेंद्राने फणांचे छत्र धरले, तरी ध्यानस्थ प्रभूंनी वैऱ्याचा द्वेष केला नाही, तसा रक्षकावर अनुरागही धरला नाही. मला हा उत्तरार्धच अधिक दुष्कर वाटतो. आईबापांच्या घातानंतर पिंजऱ्यात कोंडलेल्या सिएलनेही आधी वाचविणाऱ्यालाच हाक मारली होती. सुडाचे कलम मागाहून आले.