व्याप आणि उपद्व्याप

मनुष्य आळसानें बुडतो असें सर्वच सांगतात. पण पुष्कळ वेळां तो कामांत असतांनाच बुडतो, हें सांगणारे थोडे. शास्त्री मंडळींनीं अशा उद्योगाला पिष्टपेषण म्हटलें आहे, म्हणजे दळलेलें पुन्हा दळणें. जात्याचा आवाज येतो, घामहि येतो. पीठ मात्र होतें तेवढेंच.

आमच्या हिंगोली भागांत याचा मोठा दाखला आहे. नरसीचे नामदेवराय (जन्म इ. स. १२७०) गोरोबांच्या परीक्षेंत कच्चें मडकें ठरले आणि औंढ्या नागनाथीं विसोबा खेचरांकडे आले, असें परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवरायांनीं ते पाय उचलून बाजूला ठेवले, तों तेथें पिंड! पुन्हा उचलले, पुन्हा पिंड. कीर्तनांत आम्ही हा चमत्कार रंगवतों आणि पुढें जातों. पण त्या पाय उचलण्याकडे अंमळ पाहावें. हेतु शुद्ध, श्रम खरे. तरी काम संपेना, कारण गुरु शोधायला आलेल्याला पाय कुठें ठेवावे हाच प्रश्न होऊन बसला. हात थांबले तेव्हां उपदेश झाला. मग हेच नामदेवराय पंजाबांत घुमानपर्यंत गेले. त्यांचीं ६१ पदें गुरु ग्रंथ साहिबांत आहेत.

आतां आपला सप्ताह पाहा. मंडपाची कनात, भोंग्याची तार, फलकावर कोणाचें नांव वर यासाठीं दोन बैठका, आणि हल्लीं मोबाईलवर फोटो धाडणें! काल्याच्या दिवशीं कार्यकर्त्याला विचारा, "बाबा, कोणतं कीर्तन ऐकलंस?" "महाराज, बसायला सवडच कुठं मिळाली!" हें तो अभिमानानें सांगतो, हीच खरी मेख.

कोणी म्हणेल, मग स्वयंपाक कोणी करावा? अहो, पंगत वाढणें ही सेवाच. सांवता महाराजांचा मळा परमार्थाच्या आड आला नाहीं. ज्यानें कोणाचें पोट भरत नाहीं, मुखीं नाम येत नाहीं, आणि तरी जें सोडवत नाहीं, त्याला आम्ही उपद्व्याप म्हणतों. सोडवत नाहीं, कारण रिकामें बसलें कीं आपली आपल्याशींच गांठ पडते. ती टाळायला मनुष्य एकच फलक दहा वेळां रंगवील.

पहाऱ्याचा वीणेकरी पाहावा. एका जागीं उभा. बघणाऱ्याला वाटतें, हा कांहींच करीत नाहीं. उत्तररात्रीं त्याच्या गळ्यांतली वीणा घ्यायला माणूस मिळत नाहीं, आणि बाहेर चौघे जण कमानीचे दिवे नीट करीत असतात.