पालटले की पालटविले?

परकी भाषेतील वाक्प्रचार शिकताना आपण केवळ शब्द शिकतो, असा आपला समज असतो. वस्तुतः त्या शब्दांमागे मनुष्याच्या कर्तेपणाविषयीची एक दृष्टीही उभी असते. रत्नागिरीस वर्गात परिवर्तनवाचक इंग्रजी वाक्प्रचार शिकवीत असता मला याचा प्रत्यय आला. 'टर्न' या एकाच क्रियापदास 'डाउन' लागले की नकार होतो, 'अप' लागले की हजेरी आणि 'इन्टू' लागले की रूपांतर. विद्यार्थ्यांस याचे नवल वाटते. परंतु एका 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार घडविणाऱ्या संस्कृतचा वारसा सांगणारांस ते वाटू नये. खरे नवल याच्या पुढे आहे.

'आय चेंज्ड माय माइंड' याचे मराठी करावयास सांगताच बहुतेकांनी लिहिले, 'माझे मन बदलले.' भाषांतर निर्दोष होते. पण मूळ वाक्यातील कर्ता वाटेतच गळून पडला होता. इंग्रजीत 'मी' कर्ता आणि मन हे कर्म. मराठीत मनच कर्ता, आणि 'मी' षष्ठीच्या आडोशाला उभा राहिलेला नुसता साक्षी!

यावरून इंग्रज अधिक प्रामाणिक, असे अनुमान कोणी काढू नये. 'टाइम्स हॅव चेंज्ड' म्हणून हात झटकण्याची सोय त्यांच्याही भाषेत आहे. आणि 'मी विचार बदलला' असे म्हणण्यास मराठी व्याकरण कोणालाही आडकाठी करीत नाही. भाषा पळवाट दाखविते; तिने जावे की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवावयाचे असते.

आमच्या गावचेच उदाहरण घ्या. येथील पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले. आज आपण सहज म्हणतो, 'काळ बदलला.' परंतु त्या मंदिरासाठी भागोजीशेठ कीर यांनी आपले द्रव्य वेचले, आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत येथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून अस्पृश्यतेविरुद्ध चळवळ चालविली. काळ आपण होऊन कोणाचेही दार उघडीत नाही. 'काळ बदलला' म्हणताना ज्यांनी तो बदलला त्यांचे श्रेय बुडते, आणि ज्यांनी तो अडवून धरला त्यांचा दोषही झाकला जातो.

हे इतरांस सांगणे सोपे. काही वर्षांपूर्वी एका सभेत एका स्नेह्याची बाजू मांडण्याचे मी कबूल केले होते. वरिष्ठांची नाराजी दिसताच मी गप्प बसलो, आणि मागाहून त्यास म्हणालो, "माझे मत पालटले." त्याने शांतपणे विचारले, "पालटले, की आपण पालटविलेत?" तेव्हा मला त्याचा राग आला. परवा विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना तोच प्रश्न पानापानावर दिसू लागला, आणि लाल शाईची लेखणी हातात तशीच राहिली.

त्याच सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "मत पालटले नव्हते. मी ते भीतीने गिळले." वाक्य साधे होते; परंतु त्यात कर्ता आपल्या जागी होता. ते उच्चारण्यास मला इतकी वर्षे लागली.