गर्दीतून एकीकडे

शास्त्रपाठ : मार्क ७:३१-३७, २ शमुवेल ४:४



सोर व सीदोन या प्रांतांतून परत येताना आपला प्रभु दकापलीसच्या मुलखातून गालील समुद्राकडे आला. तेथे लोकांनी एका बहिऱ्या माणसाला त्याच्यापुढे आणले. त्या माणसाला नीट बोलताही येत नव्हते. प्रभूने त्याच्यावर हात ठेवावा, अशी लोकांची विनंती होती. हा वृत्तांत आपण पुष्कळदा ऐकला आहे, पण आपले लक्ष बहुधा शेवटच्या चमत्काराकडे जाते. आज आपण चमत्काराच्या आधीच्या दोन वचनांपाशी थांबू या.

क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. चारी बाजूंनी गर्दी आहे. सगळ्यांचे ओठ हलत आहेत, पण शब्द एकही कळत नाही. कोणी हाताला धरून ओढीत आहे, कोणी पाठीमागून ढकलीत आहे. कोठे नेत आहेत, कशासाठी नेत आहेत, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. कारण सांगायचे कसे हेच कोणाला ठाऊक नाही. त्याला आणणारे लोक दयाळू होते यात शंका नाही. पण ते त्याच्याविषयी प्रभूशी बोलले, त्याच्याशी कोणी बोलले नाही.

प्रभूने काय केले? त्याने त्याला गर्दीतून एकीकडे नेले. मग त्याच्या कानांत बोटे घातली व त्याच्या जिभेला स्पर्श केला. नंतर वर आकाशाकडे पाहून उसासा टाकला. त्यानंतरच ‘एफ्फाथा’ हा शब्द उच्चारला. प्रभूला बरे करण्यासाठी इतके करण्याची गरज होती काय? शताधिपतीचा चाकर तर दूर घरी पडलेला असता केवळ शब्दाने बरा झाला. मग येथे ही बोटे, हा स्पर्श, ही वर लागलेली दृष्टी कशासाठी? ती त्या माणसासाठी होती. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभु त्याला कळेल अशा खुणांच्या भाषेत बोलला. तुझे दुःख या कानांत आहे, या जिभेत आहे, हे मी जाणतो. तुझे साहाय्य वरून येणार आहे. आणि तुझ्यासाठी माझे हृदय कळवळते. हे सर्व त्याला डोळ्यांनी दिसले. पुढे काय होणार हे आधी त्याला कळविले, आणि मग ते केले.

शुभवर्तमानात इतर ठिकाणीही हेच आढळते. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत होता व लोक त्याला गप्प बसवीत होते. प्रभूने त्याला बोलावून तुझ्यासाठी मी काय करू, असे त्यालाच विचारले. गरसेकरांच्या प्रदेशातील भूतग्रस्ताला लोकांनी पुन्हा पुन्हा साखळदंडांनी बांधले होते. प्रभूने त्याला त्याचे नाव विचारले. बहिऱ्याशी खुणेने, आंधळ्याशी वाणीने आणि ज्याचे चित्त ठिकाणावर नव्हते त्याच्याशी नावाने, असा ज्याला जसे कळेल तसा प्रभु त्याच्याशी बोलला.

प्रियांनो, हा विषय आज घेण्याचे कारण आहे. संकटाच्या वेळी सर्वांत आधी मदतीला धावून येतात ते पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, रुग्णवाहिकेतील कर्मचारी आणि पूर आला की होडी घेऊन येणारे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे लोक. त्यांच्यासाठी आपण उपासनेत प्रार्थना करतो, ते योग्यच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्याने, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याने पुराचे पाणी पाहिले आहे. अशा रात्री दारात उभ्या राहिलेल्या जवानाची हाक ज्याला ऐकूच येत नाही, त्याचे काय? जो आंधळा आहे, ज्याला चालता येत नाही, अनोळखी माणसाचा स्पर्श होताच जे मूल किंचाळू लागते, त्यांचे काय? ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप होऊन समुद्राची लाट आत शिरली. त्या आपत्तीत अपंगांमधील मृत्यूंचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते, असे नंतरच्या पाहणीत दिसून आले. ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना कर्णबधिर माणसापर्यंत पोहोचणार तरी कशी?

पवित्र शास्त्रात सुटकेच्या अशाच एका धावपळीची नोंद आहे. शौल व योनाथान पडल्याची बातमी इज्रेलहून आली, तेव्हा योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. त्याच्या दाईने त्याला उचलले व ती पळाली. पण घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी कायमचा लंगडा झाला. त्या दाईला आपण दोष देऊ नये. तिचे त्याच्यावर प्रेम होते, ती त्याचा जीव वाचवीत होती, आणि तिच्या मदतीला कोणी आल्याचे शास्त्र सांगत नाही. तरी एवढे खरे की प्रेमाने उचललेल्या हातांतूनही घाईत इजा होते.

मफीबोशेथाची गोष्ट येथे संपत नाही. पुढे दावीदाने त्याला शोधून आणले, भिऊ नको म्हणून धीर दिला व आपल्या मेजावर बसविले. परंतु अबशालोमाच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून निघाला तेव्हा मफीबोशेथाचा चाकर सीबा एकटाच भेटीस आला व धन्याविरुद्ध बोलला. दावीदाने मफीबोशेथाला न विचारता त्याचे सर्व वतन चाकराला देऊन टाकले. पुढे तो लंगडा माणूस स्वतः राजापुढे उभा राहिला, तेव्हा हकीकत निराळीच निघाली. एका वेळी घाई झाली, दुसऱ्या वेळी त्याच्याऐवजी दुसऱ्याचे ऐकले गेले. अपंग माणसावर आजही या दोन्ही गोष्टी ओढवतात.

याचे दुःखद उदाहरण अमेरिकेतील मेरीलँड राज्यात घडले. १२ जानेवारी २०१३ रोजी फ्रेडरिक येथील एका चित्रपटगृहात डाऊन सिंड्रोम असलेला २६ वर्षांचा एक तरुण चित्रपट संपल्यावर तोच पुन्हा पाहण्यासाठी तिकिटाशिवाय जाऊन बसला. तेथे सुरक्षेचे काम करणाऱ्या तिघा पोलिसांनी त्याला उठण्यास सांगितले. त्याच्या सोबतीस असलेली सेविका विनवीत होती की थोडे थांबा, त्याला हात लावू नका, त्याची आई निघाली आहे. ते थांबले नाहीत. बेड्या घालून बाहेर काढताना झटापट झाली, तो खाली पडला आणि गुदमरून मरण पावला. कोणावरही फौजदारी खटला चालला नाही. त्या पोलिसांना त्याच्याशी वैर नव्हते. त्यांना माणसाला हलविणे येत होते, पण त्याच्याशी बोलणे येत नव्हते.

त्या आईवडिलांनी आपले दुःख कडू होऊ दिले नाही. त्यांच्या खटपटीमुळे राज्याने त्याच वर्षी एक आयोग नेमला, आणि २०१५ साली त्या तरुणाच्या नावाने कायदा झाला. त्याचे विशेष हे की पोलिसांना शिकविण्यासाठी अपंग व्यक्तींनीच शिक्षक म्हणून पुढे यावे, अशी त्यात योजना आहे. ज्याला केवळ दयेस पात्र समजत होते, तो गुरूच्या जागी बसला.

असे शिक्षण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कर्णबधिराकडे समोरून जावे. अंधारात विजेरी त्याच्या डोळ्यांवर नव्हे, तर आपल्या तोंडावर धरावी, म्हणजे त्याला ओठ दिसतील. त्याचे हात बांधू नयेत, कारण हात हीच त्याची वाणी आहे. खिशात कागद-पेन्सिल असावी. आंधळ्याला प्रथम आपले नाव व काम सांगावे. त्याला ओढू नये, आपले कोपर त्याच्या हाती द्यावे, पायरी आली की सांगावे, आणि त्याची पांढरी काठी मागे राहू देऊ नये. चाकांच्या खुर्चीतील माणसाला कसे उचलायचे हे त्यालाच विचारावे. ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. स्वमग्न मुलाला भोंग्याचा व उघडझाप करणाऱ्या दिव्यांचा फार त्रास होतो. शक्य असल्यास ते बंद करावेत, थोडके व सरळ शब्द बोलावेत, आणि उत्तरासाठी थांबावे. ते डोळ्याला डोळा देत नाही म्हणून त्याला उद्धट समजू नये. ज्याची बुद्धी मंद आहे तो भीतीने प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतो, म्हणून तेच निराळ्या रीतीने पुन्हा विचारावे. ज्याची जीभ अडखळते व पाय लटपटतात तो दारू प्यायला आहे असे चटकन ठरवू नये. हन्नेचे ओठ हलताना पाहून एली याजकाने हीच चूक केली होती. तिने सांगितल्यावर मात्र त्याने ऐकून घेतले व तिला आशीर्वाद दिला.

कोणी म्हणेल, आग लागली असता इतके बोलत बसायला वेळ कोठून आणायचा? खरे आहे. कधी कधी एकच क्षण हाती असतो आणि उचलून पळावेच लागते. पण तेव्हाही एक खूण, खांद्यावर ठेवलेला एक हात यांना वेळ लागत नाही. शिवाय पुष्कळदा दोन-चार मिनिटे असतात, घाई फक्त आपल्या मनात असते. आधी शिकलेल्याला आयत्या वेळी शोधीत बसावे लागत नाही. म्हणून तर शिक्षण आधी हवे.

आपल्या देशाने २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्याच्या आठव्या कलमाप्रमाणे आपत्तीच्या काळी अशा व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे, आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अशा व्यक्तींची नोंद ठेवून धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचविली पाहिजे. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली. कायदा चांगला आहे. परंतु ज्याला घरच्यांनीच आतल्या खोलीत ठेवले आहे, त्याचे नाव यादीत कोण घालणार?

येथे मंडळीचे काम सुरू होते. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांनी मुंबईत आंधळ्या मुलांची शाळा काढली. आपल्या वडिलार्जित वारशात ही सेवा आहे. आज आपण काय करू शकतो? पहिली गोष्ट, पाळकांनी व वडीलमंडळींनी घरोघरच्या भेटीत अशा व्यक्तींची विचारपूस करावी, त्यांची व घरच्यांची संमती घेऊन नावे प्राधिकरणाकडे नोंदवावीत. दुसरी, प्रत्येकासाठी एक लहान कार्ड लिहावे : नाव, औषध, कोणास कळवायचे, आणि माझ्याशी कसे बोलावे. शेवटची ओळ शक्य तर त्यानेच सांगावी. तिसरी, गावातील अग्निशामक केंद्राच्या व पोलीस ठाण्याच्या लोकांना एखाद्या सायंकाळी मंदिराच्या आवारात बोलवावे. त्या दिवशी पाळकांचे भाषण नसावे. बोलावे ते त्या कर्णबधिर भावाने खुणांनी, त्या आंधळ्या भगिनीने, स्वमग्न मुलाच्या आईने. चौथी, तरुण संघाने व रविवारच्या शाळेने भारतीय सांकेतिक भाषेतल्या थोड्या तरी खुणा शिकाव्यात. या भाषेसाठी २०१५ साली नवी दिल्लीत संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे.

आणि एक प्रश्न आपल्या मनाला विचारू या. आपल्या उपासनेत मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या बहिऱ्या आजोबांना उपदेशातले काय कळते, हे आपण कधी विचारले आहे काय? जो भाऊ दर रविवारी आपल्यामध्ये बसतो त्याच्याशी आपण वर्षभर बोललो नाही, तर पुराच्या रात्री अनोळखी जवान त्याच्याशी कसा बोलेल? बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीयाच्या १९ व्या अध्यायात आहे, आणि तिला देवाचे भय जोडलेले आहे. कारण बहिरा ऐकत नाही, आंधळा पाहत नाही, पण परमेश्वर ऐकतो व पाहतो.

प्रभूने त्या माणसाचे कान उघडले. आपल्या हाती ते सामर्थ्य नाही. पण त्याला गर्दीतून एकीकडे नेणे, त्याच्यासमोर उभे राहणे, त्याला कळेल असे बोलणे, हे मात्र आपल्या हाती आहे आणि शिकता येण्याजोगे आहे. या महिन्यात आपल्या मंडळीतील अशा एका तरी घरी जाऊ या, आणि तुमच्याशी कसे बोलावे, हे त्यांनाच विचारू या.

प्रार्थना : हे प्रभो, तू बहिऱ्याशी खुणेने बोललास. संकटात धावून जाणाऱ्यांना धैर्याबरोबर धीर दे. ज्यांचे बोलणे कोणाला कळत नाही, त्यांचे ऐकण्यास आमचे कान मोकळे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.