तातडीचं म्हणजे किती?

माझ्या ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर खळगे पाडलेत. मान आणि पाठ कॉलेजपासून दुखतेय. सर्जन म्हणाले, स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करू. विमा कंपनी म्हणाली, हे कॉस्मेटिक आहे, पैसे मिळणार नाहीत.

मी पॉलिसी वाचली, दुसऱ्याचा कोड वाचावा तशी. विमा नियामक आयआरडीएआयनं सगळ्यांसाठी ठरवून दिलेलं कलम आहे: रूप बदलणारे उपचार वगळलेले. अपवाद अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा, नाहीतर 'थेट आणि तातडीचा' धोका टाळणाऱ्या, डॉक्टरांनी प्रमाणित केलेल्या उपचारांचा. माझा त्रास थेट आहे. तातडीचा मात्र नाही; दहा वर्षं रोज थोडा थोडा येतोय.

अमेरिकेत बऱ्याच विमा कंपन्या हा प्रश्न ग्रॅममध्ये सोडवतात. १९९१चा श्नूर तक्ता आहे: शरीराच्या पृष्ठफळानुसार प्रत्येक स्तनातून किमान इतकं वजन निघणार असेल तर उपचार, त्याखाली हौस. इंजिनियर म्हणून मला आधी हे आवडलंच. स्पष्ट अट, वाद नाही. पण मोजलं जातंय ते वजन, दुखणं नव्हे. (वजन मोजता येतं, एवढंच.)

खरं सांगू? ऑपरेशननंतर शर्टाचं बटण नीट लागेल याचाही मला आनंद होणार आहे. सर्जनसमोर मी ते बोललेच नाही. गुडघा बदलून घेणाऱ्या काकांना कुणी विचारत नाही, रुबाबात चालायचंय का म्हणून. माझ्या दुखण्यावर विश्वास बसावा यासाठी मात्र मला दुसरी काही इच्छाच नसायला हवी.

अपिलासोबत फोटो जोडायचेत. काल आईनं काढले. "सरळ उभी राहा," ती सवयीनं म्हणाली.