आहेत तेवढ्यांचा खेळ

आमच्या सोसायटीच्या तलावात रविवारी सकाळी व्हॉलीबॉल असतो. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठ्यांची रांग लागते. सकाळी पाण्यात मात्र मोजकीच डोकी दिसतात. कुणाकडे पाहुणे, कुणाला सर्दी, कुणी नुसताच झोपलेला.

मग न आलेल्यांची चर्चा सुरू होते. फोन लावले जातात. उघड्या अंगाने पाण्यात नुसतं उभं राहिलं की थंडी वाजते, म्हणून ही चर्चा फार लांबत नाही. कुणीतरी म्हणतं, "चला, आलेत तेवढ्यांत खेळू." आणि खेळाचे नियम सैलावू लागतात.

आधी मैदान आखडतं. छातीभर पाण्यात पळता येत नाही. पाऊल उचललं तरी पाणी ते सहज पुढे जाऊ देत नाही. दोघांना अर्धा तलाव सांभाळणं अशक्यच. म्हणून जाळीऐवजी बांधलेली दोरी उथळ बाजूला सरकते आणि मागची हद्द शिडीपाशी ठरते. जड चेंडू बाजूला पडतो, पोरांचा हवा भरलेला मोठा, हलका चेंडू येतो. तो हवेत रेंगाळतो, तेवढ्यात पाय पोचतात. एकानेच लागोपाठ दोनदा चेंडू मारायचा नाही, हा व्हॉलीबॉलमधला नियम. दोघांतला एक दमला की तोही चालवून घेतात. स्मॅश मात्र बंद, कारण उडालेला चेंडू आणायला जाणार कोण?

माणसं विषम झाली तर गल्ली क्रिकेट मदतीला येतं. तिथे उरलेला भिडू 'कॉमन' होतो आणि दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो. इथला कॉमन दोरीखालून बुडी मारून इकडून तिकडे जातो. ज्यांची सर्व्हिस, त्यांचा तो. त्याला हरता येत नाही, जिंकताही येत नाही. तरी सगळ्यांत जास्त दमतो तोच आणि बहुतेक वेळा हसतोही तोच. मला ती जागा आवडते.

व्हॉलीबॉल जन्मला तेव्हा माणसांचा आकडा ठरलेलाच नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये तो रचला. बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या व्यापारी मंडळींसाठी. (हे वर्णन आम्हाला लागू पडतं, हे सांगायला नकोच.) एका बाजूला कितीही जण चालत. सहाचा आकडा १९१८ मध्ये पक्का झाला. पुढे वाळूवर दोघा-दोघांचा खेळ रुजला आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये त्याला पदकंही मिळाली.

गर्दीच्या रविवारी चेंडू बरेचदा दोघांच्या मधोमध पडतो. दोघंही जवळ असतात, दोघांनाही वाटतं तो दुसऱ्याचा. मग "अरे, तुझा होता!" चोहीकडून. माणसं कमी असली की असं फारसं होत नाही. समोरून आलेला चेंडू आपलाच असतो, हे पाण्यात उतरतानाच कळलेलं असतं. त्या दिवशी हातही जास्त दुखतात.

अगदीच तिघं उरली तर आम्ही दोरी सोडून गोल करतो. चेंडू पाण्याला लागू न देता किती वेळा झेलला, ते मोठ्याने मोजायचं. गुण सगळ्यांचा एकच. चुकलं की पुन्हा एकपासून. यात समोर कुणी नसतं, तरी मोजणी वाढू लागली की छाती धडधडतेच.

एखादा उशिरा उगवतो आणि काठावरून विचारतो, "कुठल्या बाजूला येऊ?" त्याला कॉमन करतात. सात वाजता मुलांचा पोहण्याचा वर्ग सुरू होतो, तेव्हा तलाव सोडावा लागतो. तोवर जे आले ते खेळतात.